बोअर मारायच्या आधीच बोलायचं



गेल्या काही बैठकांत एक वाक्य सारखं कानावर येतंय. "अजून खाण कुठं आली? सरकारची माणसं नुसतं शोधायला येतात. शोधू द्या. खाण आली की मग बघू." असं म्हणणारे आपलेच लोक आहेत. त्यातले काही तर जंगलाच्या लढ्यात जेलमध्ये जाऊन आलेत. त्यांचा मान ठेवूनच सांगते, हे म्हणणं मला पटत नाही. खनिज कोणतंही असो, बोलायचं ते पहिला बोअर पडायच्या आधी. आणि खनिज युरेनियम असेल, तेही ग्रॅनाइटच्या दगडातलं, तर थांबायला जागाच उरत नाही. का ते मांडते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्या जिल्ह्यात युरेनियम सापडलंय असं मी म्हणत नाही, आणि तशी अफवा कोणी पसरवू पण नये. मी उदाहरण घेतेय ते शेजारच्या तेलंगणातलं. प्राणहिता-गोदावरी ओलांडून आणखी खाली दक्षिणेला गेलं की कृष्णा नदी लागते. महाबळेश्वरला उगम पावते तीच कृष्णा. तिच्या काठानं नल्लमलाचं मोठं जंगल आहे. तिथं चेंचू आदिवासी राहतात. मध, कंदमुळं, डिंक यांवर जगणारी माणसं. त्यांच्या वस्तीला पेंटा म्हणतात, जसा आपला टोला. जंगलाच्या कडेला नलगोंडा जिल्ह्यात, नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याजवळ लंबापूर आणि पेद्दगट्टू ही गावं आहेत. आजूबाजूला लंबाडा लोकांचे तांडे. या भागातल्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम आहे हे १९९० च्या दशकात बोअर मारून नक्की केलं गेलं.

दगडात युरेनियम आलं कुठून?

ग्रॅनाइट आपल्याला नवा नाही. आपल्या पहाडीतले मोठमोठे गोल धोंडे, ज्यावर आपण मोह वाळवतो, त्यातले कितीतरी याच जातीचे. पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस हळूहळू थंड होऊन हा दगड बनला. साध्या ग्रॅनाइटमध्येसुद्धा थोडं युरेनियम असतंच, एक हजार किलो दगडात तीन-चार ग्रॅम. म्हणून धोंड्यावर बसायला घाबरू नका. एवढ्याशा युरेनियमसाठी कोणी खाणही काढत नाही.

नल्लमलाकडं वेगळं घडलं. तिथला ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यात युरेनियम मुळातच जरा जास्त होतं. कोट्यवधी वर्षं तो उघड्यावर राहिला, उन्हापावसानं झिजला, भेगाळला. मग त्याच्यावर समुद्राच्या वाळूचे, गोट्यांचे थर बसले आणि त्यांचाही कठीण दगड झाला. त्याला क्वार्टझाइट म्हणतात. म्हणून तिथले डोंगर वरून सपाट दिसतात, चुलीवर तवा ठेवल्यासारखे. तवा म्हणजे क्वार्टझाइट, आणि खाली चूल म्हणजे ग्रॅनाइट. दोघांच्या मधली जी रेघ आहे, जिथं जुना दगड संपतो आणि नवा सुरू होतो, तिथंच युरेनियम गोळा झालंय. त्यातलंही बरंचसं रेघेच्या खाली, ग्रॅनाइटच्या भेगांमध्ये.

ते गोळा कसं झालं? पाण्यानं. पावसाळ्यात नाल्याला गढूळ पाणी येतं. ते वाहतं तोवर माती सोबत जाते, आणि बांधीत येऊन थांबलं की गाळ खाली बसतो. युरेनियमचं थोडंफार तसंच आहे. हवा मिसळलेल्या पाण्यात ते विरघळतं आणि पाण्याबरोबर भेगाभेगांतून फिरतं. खोल गेल्यावर जिथं पाण्यातली हवा संपते, तिथं ते पाण्यातून सुटतं आणि भेगेच्या अंगाला काळ्या दगडासारखं बसतं. त्या काळ्या खनिजाला पिचब्लेंड म्हणतात.

जिथं पाणी, तिथंच युरेनियम

आता ही गोष्ट आपल्या विहिरीशी जोडून बघा. ग्रॅनाइट आतून कोरडा असतो, वाळूसारखं पाणी तो धरून ठेवत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. म्हणून तर एका घरी विहिरीला बारमाही पाणी असतं आणि पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या घरी साठ फूट खणून धूळ निघते. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर नाही. हे आपल्या आजाला माहीत होतं, त्याला कोणी भूगर्भशास्त्र शिकवलं नव्हतं.

म्हणजे ग्रॅनाइटच्या मुलखात ज्या वाटेनं युरेनियम आलं, तशाच वाटांनी आजही पाणी फिरतंय. शोधणारे ज्या भेगा शोधतात, त्याच आपल्या विहिरी, हातपंप आणि झऱ्यांच्या भेगा. माझं सगळं म्हणणं यावर उभं आहे. लोखंडाचा डोंगर फोडला तर डोंगर जातो, जंगल जातं, लाल पाणी बांधीत येतं. हे सगळं डोळ्यांना दिसतं, आणि दिसतं म्हणून आपण ओरडतो. भेगेतल्या पाण्यात काय मिसळलं ते मात्र दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही.

युरेनियम पाण्यातून पोटात जात राहिलं तर आधी मूत्रपिंडाला त्रास देतं. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशाच्या अणुऊर्जा नियामक मंडळानं ६० ची मर्यादा घातलीय. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डोळ्यानं ते कळायचं नाही, प्रयोगशाळेतच कळणार.

यात एक फास आहे, तो नीट समजून घ्या. ग्रॅनाइटच्या मुलखात विहिरीच्या पाण्यात निसर्गानंच थोडं युरेनियम असू शकतं, बोअर मारा की न मारा. म्हणजे उद्या बोअर झाले, पाणी बिघडलं आणि आपण तक्रार केली, तर साहेब शांतपणे म्हणणार, "हे तुमच्या पाण्यात आधीपासूनच होतं." तेव्हा आपल्याकडं काय उत्तर राहील? बोअरच्या आधीचा आकडा आपल्या हातात नसेल तर काहीच नाही. आणि तो आकडा नंतर कधीच मिळवता येत नाही.

शोधणं म्हणजे काय काय

"नुसतं शोधणं" म्हणजे काय तेही बघू. सुरुवात हलक्या पायानं होते. विमान किंवा हेलिकॉप्टर डोंगरावरून फिरतं आणि जमिनीतून येणारी किरणं मोजतं. मग माणसं हातात यंत्र घेऊन पायी फिरतात, दगड गोळा करतात. विहिरींचं, हातपंपांचं पाणी बाटलीत भरून नेतात, कारण पाण्यातलं युरेनियम त्यांना जमिनीतल्या युरेनियमचा पत्ता सांगतं. इथवर जंगलाला फारसा धक्का नाही. पण आपल्या विहिरीचं पाणी तपासून जो आकडा निघाला, तो आपण मागितला का? पाणी आपलं, आकडाही आपल्याला कळला पाहिजे.

मग येतं बोअरचं मशीन. ते खांद्यावरून येत नाही, त्याला वाट लागते. वाटेसाठी झाडं-झुडपं साफ होतात. मशीनला डिझेल लागतं आणि दिवसभर पाणी लागतं, ते जवळच्या नाल्यातून किंवा बोडीतून येतं. हिऱ्याचे कण बसवलेलं पातं दगडाला गोल कापत खाली जातं आणि बांबूच्या पेरासारख्या दगडाच्या कांड्या वर निघतात. त्याला कोर म्हणतात. कोर पेटीत ओळीनं लावून कोणत्या फुटावर काय लागलं ते लिहिलं जातं. बोअरमध्येही यंत्र सोडून किरणं मोजतात. आधी बोअर लांब लांब मारतात. काही लागलं की मधे मधे मारत जवळ आणतात, म्हणजे खाली माल किती आणि कसा पसरलाय त्याचा नकाशा तयार होतो.

हे किती होऊ शकतं? नल्लमलातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात ८३ चौरस किलोमीटरवर शोध घ्यायचा प्रस्ताव केंद्राच्या अणुखनिज संचालनालयानं दिला. २०१९ च्या मे महिन्यात केंद्राच्या वन सल्लागार समितीनं त्याला तत्त्वतः होकार दिला. त्या प्रस्तावात बोअर होते ४,०००. हिशोब करा. एका चौरस किलोमीटरला साधारण ४८ बोअर, म्हणजे दर पाच एकरांमागे एक. ज्या जंगलात चेंचू माणसाला सुकं लाकूड आणतानाही वाघाचं कारण सांगून अडवलं जातं, त्याच जंगलात दर पाच एकरांत एक भोक, आणि त्याला नाव "नुसता शोध".

प्रत्येक बोअर वरच्या मुरमातून, क्वार्टझाइटमधून, मधल्या रेघेतून खाली ग्रॅनाइटमध्ये जातो. म्हणजे वेगवेगळ्या थरांतलं, वेगवेगळ्या भेगांतलं पाणी तो एकमेकांना जोडतो. काम झाल्यावर तो तळापासून तोंडापर्यंत सिमेंटनं बुजवला तर जोड तुटतो. तोंडावर दगड ठेवून मशीन पुढं गेलं, तर तो बोअर नवी वाट होऊन बसतो. वरचं पाणी खाली जाऊ शकतं, खालचं वर येऊ शकतं. बोअर कोणी बुजवले, कोणी तपासले, किती उघडे राहिले, हे गावानं मोजलं नाही तर कोण मोजणार?

"देशाला वीज पाहिजे"

काही पोरं म्हणतात, मशीनवर काम मिळेल, महिना-दोन महिने मजुरी होईल. भूक खोटी नाही, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण कोरच्या पेट्या उचलायचं आणि पाणी वाहायचं काम मशीन असेपर्यंतच. मशीन पुढच्या डोंगरावर गेलं की मजुरी बंद. मोह आणि तेंदू दरवर्षी येतात.

दुसरं म्हणणं मोठं आहे. देशाला वीज पाहिजे, अणुवीज पाहिजे, तुम्ही देशाच्या आड येता. मलाही वीज पाहिजे. माझी बारावी झाली ती अर्धी कंदिलावर. पण देशासाठी काय काय खाली ठेवावं लागणार, ते आधी पूर्ण सांगा. भारतातलं युरेनियम बहुतेक ठिकाणी पातळ आहे, एक हजार किलो दगडात किलोभर किंवा त्याहून कमी. बाकी सगळा दगड दळून चुरा होतो आणि तिथंच राहतो. युरेनियम काढून घेतलं तरी मूळ दगडातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सर्ग त्या चुऱ्यात राहतो, कारण रेडियमसारखी युरेनियमची पिल्लं मागं उरतात. रेडियम निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. झारखंडात जादुगोड्याला १९६७ पासून खाण आहे, संथाल आणि हो लोकांच्या गावांना लागून. तिथं चुऱ्याचा गाळ वाहून नेणारी पाइप डिसेंबर २००६ मध्ये फुटली आणि गाळ नाल्यात गेला. खाण सरकारी होती, तरी पाइप फुटली. वीज शहरात जाईल आणि चुरा १,६०० वर्षं आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत राहील. हा सौदा असेल तर निदान सौदा म्हणून समोर ठेवा. शोधाच्या नावाखाली हळूच पुढं सरकवू नका.

आपल्यातले काही साथी उलट बोलतात. म्हणतात, हे दगड-भेगा-मायक्रोग्रॅम कशाला, सरळ "नको" म्हणा. नको म्हणायचा आपला हक्क आहेच. पण नुसत्या भीतीवर उभं राहिलेलं "नको" फार दिवस टिकत नाही. कोणीतरी शिकलेला येऊन "घाबरू नका, काही होत नाही" म्हणतो, आणि अर्धं गाव गप्प होतं. भेग कुठं आहे, पाणी कुठून येतं, बोअर काय करतो हे ज्या गावाला माहीत आहे, त्याला असं गप्प करता येत नाही.

कायदा काय म्हणतो

लंबापूर-पेद्दगट्टूसाठी २००३ च्या ऑगस्टमध्ये जनसुनावणी झाली. लोकांनी जोरदार विरोध केला, आणि आजवर तिथं खाण सुरू झालेली नाही. अमराबादच्या वेळी चेंचू लोक, विद्यार्थी, शहरातली माणसंही उठली. १६ सप्टेंबर २०१९ ला तेलंगणा विधानसभेनं नल्लमलात युरेनियमची खाण नको असा ठराव केला. हा लोकांचा विजय आहे. पण युरेनियम केंद्राच्या अखत्यारीत आहे. राज्याचा ठराव म्हणजे कुंपण, भिंत नव्हे.

आपल्या बाजूनं बघा. जनसुनावणी शोधासाठी होत नाही. पेसा कायद्यात खनिजाच्या परवान्याआधी ग्रामसभेची शिफारस सक्तीची आहे, पण ती गौण खनिजाला, म्हणजे मुरूम, वाळू, गिट्टीला. युरेनियम त्यात येत नाही. २०२३ मध्ये वनसंरक्षण कायदा बदलला. जंगलात शोध घेणं, बोअर मारणं हे "वनेतर काम" धरायचं नाही, असं केंद्र आता आदेश काढून, अटी घालून ठरवू शकतं. म्हणजे जो टप्पा आपल्याला दिसत नाही, त्याच टप्प्यावर कायद्याचं दार सर्वात मोठं उघडं ठेवलंय. "खाण आली की बघू" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. खाण येईल तेव्हा नकाशा त्यांच्याकडं तयार असेल, पैसा लागलेला असेल, आणि आपण नुकतेच जागे होत असू.

पण एक दार आपलंही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५. त्यात ग्रामसभेला अधिकार दिलाय की जंगलाचं, पाणलोटाचं आणि पाण्याच्या स्रोतांचं रक्षण नीट होतंय हे तिनं बघावं. पाण्याचे स्रोत, हा शब्द कायद्यात आहे. ग्रॅनाइटच्या मुलखात पाण्याचा स्रोत म्हणजे भेग, आणि बोअर जातो तो भेगेतच. म्हणून बोअरच्या आधी विचारणं हा ग्रामसभेचा आगाऊपणा नाही, तिचं काम आहे. ओडिशात नियमगिरीला २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांकडं पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. त्या गावांनी आपला देव, आपला डोंगर, आपलं पाणी स्वतःच्या तोंडानं मांडलं, म्हणून ते टिकलं.

ग्रामसभेनं काय करायचं

माझ्या मते प्रत्येक ग्रामसभेनं, कोणी आलेलं असो वा नसो, पुढचा ठराव करून वहीत लिहून ठेवावा.

१. गावातल्या प्रत्येक विहिरीची, हातपंपाची, झऱ्याची आणि बोडीची यादी करायची. कोणती बारमाही, कोणती उन्हाळ्यात आटते, ते बायांना विचारून लिहायचं. पाणी त्या भरतात, त्यांनाच खरं माहीत.

२. पाण्याची तपासणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा मागायची. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची. त्यात "युरेनियमसह" हा शब्द लिहायचा, कारण नेहमीच्या तपासणीत ते बघतीलच असं नाही. निकालाची प्रत ग्रामसभेच्या पेटीत.

३. यंत्र घेऊन कोणीही आलं तर कोणत्या खात्याचा, कोणाच्या आदेशानं, काय शोधतोय, हे कागदावर मागायचं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. कागद.

४. बोअर किती, किती खोल, कुठं, पाणी कुठून घेणार, चिखल कुठं टाकणार, बुजवणार कसे, बुजवल्याचा दाखला कोण देणार, हे सगळं आपल्या बोलीत समजावून सांगितल्याशिवाय आणि ग्रामसभेनं ठरवल्याशिवाय मशीनला आपल्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात वाट द्यायची नाही.

५. आधीच्या काळात कोणत्याही खनिजासाठी मारलेले आणि उघडे राहिलेले बोअर शोधून त्यांच्या जागा लिहून काढायच्या. गुराख्यांना त्या जागा माहीत असतात. बुजवायची मागणी लेखी करायची.

६. सामूहिक वनहक्काचा दावा ज्यांचा बाकी आहे त्यांनी याच हंगामात टाकायचा. ज्याच्याकडं हक्काचा कागद नाही, त्याच्या प्रश्नाला साहेब उत्तर देत नाही.

यातलं एकही काम पैशाचं नाही. वही, पेन आणि चार संध्याकाळी लागतील. दहावी-बारावी झालेली पोरं-पोरी आता प्रत्येक टोल्यात आहेत. पाण्याच्या यादीचं काम त्यांनी उचलावं. जुन्या जाणत्यांनी भेगा आणि झरे दाखवावेत, पोरांनी लिहून घ्यावं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं आपली यादी घेऊन यावी, एवढीच विनंती.

मावा नाटे, मावा राज! जोहार.